लेकराची वाफ चालू असताना बापाशी काय बोलावं?

पत्र:
बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. ओपीडीला रोज साठ-सत्तर लेकरं असतात. दिवाळी ते संक्रांत घरघर, दम आणि न्यूमोनियाचीच रांग. एकच लेकरू महिन्यात दोनदा मशीनवर औषधाच्या वाफेला येतं. ‘घरात कुणी बिडी-सिगारेट ओढतं का?’ असं विचारलं की आई खाली बघते, आजी ठणकावून ‘नाही’ म्हणते आणि बाप बाहेर गाडीला टेकून बिडी ओढत असतो. जरा चढ्या आवाजात बोललं की ते कुटुंब पुन्हा येत नाही. मी लेकरांचा डॉक्टर. मोठ्यांना औषध लिहावं का? लिहिलं तर काय? एवढ्या गर्दीत वेळ कुठून काढायचा? आणि मुळात, सांगून कुणी सोडतं का?
— एक बालरोगतज्ज्ञ, जि. बीड

उत्तर:
डॉक्टरसाहेब,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो मनात अडकला की बाकीचं करायला हुरूप राहत नाही. आपल्या आपण तंबाखू सोडून टिकणारे शंभरात दोन-तीन असतात. डॉक्टरांनी दोन-तीन मिनिटं स्पष्ट सांगितलं तर त्यात आणखी एक ते तीन जणांची भर पडते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सोबत निकोटीनचा गम किंवा पॅच दिला की सोडणाऱ्यांचं प्रमाण दीडपटीच्या आसपास जातं. आणि तुमच्या समोर येतात ते पंचविशी-तिशीतले धडधाकट गडी. स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढायची वेळ त्यांच्यावर पन्नाशीपर्यंत येत नाही. वर्षातून चार-सहा वेळा त्यांची गाठ पडते असा डॉक्टर बहुतेकदा तुम्हीच. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या बालरोगतज्ज्ञांनी याच हिशेबानं ‘सीझ’ नावाची पद्धत बसवली. तिच्यात तीनच कामं आहेत: विचारा, मदत करा, पुढच्याशी जोडून द्या. भाषण त्यात नाही, आणि तुमच्याकडेही नको. सल्ला म्हणून बोलाल तर वाया जाईल. उपचार म्हणून कराल तर काही हाती लागेल.

आधी विचारण्याचं बघू. ‘घरात कुणी ओढतं का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच सगळ्यात सोपं उत्तर आहे. सासूसमोर सून नवऱ्याची चुगली करणार नाही, आणि आजी लेकाची अब्रू राखणारच. शिवाय आजी खोटंही बोलत नसते. तिच्या हिशेबी घरात म्हणजे चार भिंतींच्या आत. लेकाची बिडी ओट्यावर असते आणि म्हाताऱ्याची चिलीम गोठ्यात. म्हणून प्रश्न फिरवून विचारा. आधी, ‘लेकराला दिवसभर कोण कोण उचलून घेतं? रात्री शेजारी कोण झोपतं?’ मग त्याच सुरात, ताप किती दिवसांपासून आहे असं विचारावं तसं, ‘त्यांच्यापैकी बिडी-सिगारेट कोणाची, चिलीम कोणाची? तंबाखू-चुना, पुडी, मिश्री कोणाची?’ इथं ‘आहे का’ विचारायचं नाही, ‘कोणाची’ विचारायचं. आणि हे लसीला आलेल्या गुटगुटीत बाळाच्या आईलाही विचारायचं. फक्त दम लागलेल्या लेकराच्या घरच्यांना विचारलं की तो आरोप होतो. सगळ्यांना विचारलं की तो दवाखान्याचा रिवाज होतो, आणि रिवाजाचा कुणाला राग येत नाही.

मिश्री आणि पुडी मुद्दाम जोडली आहे. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले आणि धूर न काढता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. नुसतं बिडीबद्दल विचारलं तर घरातला बराचसा तंबाखू तुमच्या केसपेपरवर येतच नाही. पुढं बिडी सोडवायला गेल्यावर हाच न नोंदलेला तंबाखू आडवा येतो. त्याबद्दल खाली.

हे विचारायचं काम तुमचं नाही, सिस्टरचं. वजन, ताप घेताना ती विचारते आणि केसपेपरवर शिक्का मारते. शिक्क्यात आई, वडील, आजी, आजोबा, इतर अशी घरं, पुढं ‘ओढतात / खातात / मिश्री’ आणि शेवटी ‘तारीख’ व ‘फोन’. पंचवीस-तीस सेकंदांचं काम. लेकरू तुमच्या टेबलाशी येतं तेव्हा उत्तर आधीच लिहिलेलं असतं आणि तुम्हाला उलटतपासणी करावी लागत नाही.

यानंतरची एक गोष्ट कटाक्षानं टाळा. बापाचा निरोप आईजवळ देऊ नका. ‘मालकांना सांगा बिडी सोडायला’ असं तुम्ही सहज म्हणता. घरी पोचेपर्यंत त्याचं ‘डॉक्टर म्हणले, तुमच्या बिडीनं लेकरू आजारी पडतंय’ असं होतं. संध्याकाळी त्याचा राग निघतो तो तिच्यावर, आणि पुढच्या खेपेला बाप गाडीवरून उतरत नाही, किंवा दवाखानाच बदलतो. ज्या कुटुंबाबद्दल तुम्ही लिहिलंय तेही प्रश्नामुळं गेलं असेल असं वाटत नाही. चारचौघांत झालेल्या पाणउताऱ्यामुळं गेलं असेल. बापाला आत बोलवायचं, आणि त्याला निमित्त तयारच आहे. वाफेचं मशीन आठ-दहा मिनिटं चालतं. लेकरू त्याच्या मांडीवर द्या, मास्क त्याच्या हातात द्या, नाकातोंडावर नीट बसवायला शिकवा. आता तो उठून जाऊ शकत नाही, आणि त्याला जायचंही नसतं, कारण श्वासागणिक छाती आत ओढली जाताना तो स्वतःच्या डोळ्यांनी बघतोय. तुम्ही मधे दोन लेकरं तपासून या आणि मशीन बंद व्हायच्या आधी तीन मिनिटं त्याच्याशेजारी बसा. गर्दीतला वेळ तो हाच.

बोलायचं ते थोडं. साधारण असं:

‘दादा, याच्या श्वासनळ्या बारीक आहेत आणि आत्ता सुजल्यात. आपण मिनिटाला पंधरा-वीस श्वास घेतो, हे चाळीसच्या वर घेतंय. वजनाच्या मानानं बघितलं तर धुराची हवा याच्या छातीत आपल्यापेक्षा जास्त जाते. बिडीचा धूर याच्यापासून तुटला तर वाफेची पाळी कमी येईल. सोडायची असंल तर मी औषधासकट मदत करतो. बघायची का करून?’

एवढं बोलून गप्प बसा. ही गप्प बसायची पंधरा सेकंद डॉक्टर लोकांना फार जड जातात. आपण लगेच कॅन्सर, फुप्फुसं, खर्च, बायकापोरं असं सगळं काढतो आणि समोरचा ‘हो हो’ म्हणत डोकं हलवायला लागतो. ‘तुमच्यामुळं’ हा शब्द काढू नका. त्याला ते कळलेलं असतं. आणि ‘बिडी सोडा, दमा जाईल’ असं वचन चुकूनही देऊ नका. पाच वर्षांच्या आतल्या निरोगी लेकरालाही वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होतो. बापानं बिडी सोडली आणि दहाव्या दिवशी लेकरू शिंकलं, की ‘सोडून काय उपेग झाला?’ म्हणून पुन्हा काडी पेटते. आधीच सांगून ठेवा: सर्दी येणारच, पण ती छातीत उतरायचं प्रमाण कमी होईल, कान फुटायचं प्रमाण कमी होईल.

बहुतेकदा उत्तर येतं, ‘मी घरात नाही ओढत, बाहेर ओढतो.’ हे त्यानं लेकरासाठीच केलेलं असतं, म्हणून आधी त्याला बरं म्हणा. घरात ओढण्यापेक्षा बाहेर ओढणं नक्कीच बरं. पण पुरेसं नाही. स्वीडनमध्ये दार लावून बाहेर ओढणाऱ्या आईबापांच्या मुलांची लघवी तपासली, तर निकोटीनपासून शरीरात बनणारं कोटिनिन घरात ओढणाऱ्यांच्या मुलांपेक्षा कमी निघालं, पण न ओढणाऱ्यांच्या मुलांपेक्षा जास्त. धूर शर्टात, उपरण्यात, मिशीत, गोधडीत बसतो आणि रांगतं लेकरू ते सगळं तोंडात घालतं. २००९ पासून त्याला ‘तिसऱ्या हाताचा धूर’ असं नावच पडलंय. तेव्हा जो अजून सोडायला तयार नाही त्याच्याकडून एवढं कबूल करून घ्या: घरात नाही, दाराखिडकीशी ओट्यावर नाही, जीपमध्ये किंवा रिक्षात लेकरू असताना नाही. ओढून आल्यावर चूळ, साबणानं हात, वरचा शर्ट काढून खुंटीला, आणि मगच लेकरू उचलायचं. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर ओढणाऱ्यानं त्याच्या अंथरुणात झोपायचं नाही. बाळाला उताणं, आईच्या बाजूला झोपवायचं. आपल्याकडं एका खोलीत सहा जण झोपतात हे मान्य आहे, पण कोण कुठल्या कडेला हे ठरवता येतं. झोपेत अचानक बाळ दगावण्याचा धोका ओढणाऱ्याच्या शेजारी वाढतो, म्हणून हे टाळता येत नाही.

दुसरं उत्तर येतं, ‘मग चुलीचा धूर चालतो का?’ हा वितंडवाद समजू नका. बरोबर प्रश्न आहे. पळाट्या-तुराट्यांवर चूल पेटते तेव्हा लेकरू आईच्या मांडीवर किंवा पाठीशी असतं. चूल पत्र्याखाली बाहेर न्या, पेटवताना लेकरू दुसऱ्याकडं द्या, सिलिंडर पुरवायचा असेल तर निदान लेकराचं दूध-पाणी त्यावर करा, हे सांगा. आणि हेही सांगा, की चूल दोन वेळा पेटते, बिडी दिवसभर.

कधी ऐकू येतं, ‘बिडी हलकी असते, सिगारेट वाईट.’ बिडीत तंबाखू कमी असतो हे खरं, पण टेंभुर्णीचं पान आपलं आपण जळत नाही. विझू नये म्हणून झुरके जास्त आणि ओढून घ्यावे लागतात, त्यामुळं निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड काही कमी जात नाही. यावर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वाद घालू नका.

आता औषध. मोठ्यांना लिहावं का? लिहावं, पण लेकराच्या कागदावर नाही. बापाचा वेगळा केसपेपर काढा, रक्तदाब घ्या. गेल्या दोन आठवड्यांत हार्ट अटॅक आलेला, छातीत सारखं दुखणारा, ठोके गंभीर अनियमित असणारा माणूस फिजिशियनकडं पाठवा. आई गरोदर असेल तर आधी फक्त समुपदेशन. ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्या फिजिशियनवर किंवा मनोविकारतज्ज्ञावर सोडा; ब्युप्रोपिऑन फिट येणाऱ्याला चालत नाही, आणि बाप स्वतःच्या फिटची गोष्ट लेकराच्या डॉक्टरला सांगेलच असं नाही. तुमच्या हातात ठेवण्याजोगा आहे तो निकोटीनचा गम आणि पॅच.

डोस ठरवायला दोन प्रश्न पुरतात. सकाळी उठल्यावर पहिली बिडी किती वेळानं? आणि बंडल किती दिवस पुरतं? ‘दिवसाला किती?’ असं विचारलं तर ‘चार-पाच’ हे उत्तर ठरलेलं. बंडलाचा हिशेब मात्र खरा येतो, कारण तो खिशातून जातो.

अर्ध्या तासाच्या आत बिडी लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम, नंतर लागत असेल तर २ चा. पहिले ६ आठवडे दर १ ते २ तासांनी एक, दिवसाला किमान ९. पुढचे ३ आठवडे दर २ ते ४ तासांनी, शेवटचे ३ आठवडे दर ४ ते ८ तासांनी. दिवसाला २४ च्या वर कधीच नाही. एवढं कुठंही लिहिलेलं सापडेल. गम फसतो तो चावण्यात. माणूस तो च्युइंगमसारखा कचाकचा चघळतो. निकोटीन एकदम लाळेत उतरतं, लाळ गिळली जाते, पोटातून गेलेलं निकोटीन यकृतातच बरंचसं निकामी होतं, आणि वर उचकी, मळमळ, जळजळ. तिसऱ्या दिवशी तो सांगतो, ‘ते मला सोसत नाही.’ म्हणून पहिला गम तुमच्या किंवा सिस्टरच्या समोर खायला लावा. हळूहळू दहा-पंधरा वेळा चावायचं. मिरीसारखी चव आली, हिरडीला चुरचुरलं की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या खोबणीत दाबून ठेवायचा. तंबाखूची चिमूट धरणाऱ्याला ही जागा दाखवावी लागत नाही. मिनिटभरात चुरचुर ओसरली की पुन्हा थोडं चावून दुसऱ्या बाजूला. असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबू, सरबत काही नाही. तोंड आंबट झालं की निकोटीन शोषलं जात नाही. आपल्याकडं बिडी आणि चहा जोडीनंच चालतात, त्यामुळं हे दोनदा सांगायचं.

ज्याचे दात हलतात, कवळी आहे, किंवा गुटख्यानं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्याला गम देऊ नका. पॅच द्या, आणि तोंड न उघडणाऱ्याला दंतवैद्याकडं पाठवाच. दिवसाला १० पेक्षा जास्त ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमचा पॅच ६ आठवडे, मग १४ चा २ आठवडे, मग ७ चा २ आठवडे. १० किंवा कमी असतील तर १४ चा ६ आठवडे आणि ७ चा २. सकाळी आंघोळीनंतर, केस नसलेल्या कोरड्या कातडीवर, रोज नव्या जागी. उन्हाळ्यात शेतात घामानं निघतो. दंडाच्या आतल्या बाजूला जरा टिकतो. रात्री स्वप्नं पडतात, झोप लागत नाही अशी तक्रार आली तर झोपताना काढायला सांगा. वापरलेला पॅच आणि चघळलेला गम या दोन्हींत निकोटीन उरलेलं असतं. घडी घालून, कागदात गुंडाळून लेकराच्या हाती लागणार नाही असं टाकायचं. बिडीची थोटकंही तशीच. लेकरानं थोटूक किंवा तंबाखू खाल्ला आणि उलटी, लाळ, झापड दिसली तर मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका, थेट दवाखान्यात आणा, हेही त्याच दमात सांगून टाका.

गम बिडीपेक्षा महाग पडतो, हे लपवू नका. पहिल्याच दिवशी बारा आठवड्यांचं लिहून दिलंत तर चिठ्ठी मेडिकलपर्यंत जाणारच नाही. एका आठवड्याचं लिहा. तेवढंही झेपत नसेल तर सगळ्यात अवघड वेळांना, म्हणजे सकाळी उठल्यावर, जेवणानंतर आणि पाळीच्या किंवा रात्रीच्या कामाला, गम घ्यायला सांगा, आणि बाकी भार १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर टाका. ती मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. २०१८ पासून हा नंबर तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो. तोच बंडल खिशातून काढायला लावा, नंबर दाखवा आणि तुमच्यासमोर फोन लावायला सांगा. ‘घरी जाऊन लावतो’ म्हणजे लागत नाही. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला तर मोबाइलवर संदेश येत राहतात. ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्याला त्याचा उपयोग नाही. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्तीचं समुपदेशन होतं, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालयही विचारून बघण्यासारखं आहे. मात्र मजुरी बुडवून तालुक्याहून तिथवर जाणारे थोडेच, म्हणून फोन आधी.

बिडी सोडायची तारीख त्यालाच ठरवू द्या, पण दोन आठवड्यांच्या आतली. पुढच्या महिन्यात, लग्न उरकल्यावर, अशी तारीख म्हणजे नकार. श्रावण पाळणारा, एकादशी धरणारा असेल तर त्याला त्याचं बळ आठवून द्या. रमजानचे रोजे ठेवणारा तर दिवसभर ओढत नाहीच. इफ्तारनंतरची बिडी तेवढी तोडायची असते. आदल्या रात्री घरातली बंडलं, काडीपेटी, चिलीम बाहेर. काडीपेटी चुलीला लागते, ती आईच्या ताब्यात.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, डोकं दुखणं, झोप उडणं, भूक वाढणं. तीन-चार आठवड्यांत बहुतेक निवळतं. तलफेचा एक झटका चार-पाच मिनिटांचा असतो. तेवढ्यात पाणी पिणं, उठून चालणं, कुणाशी तरी बोलणं. एक तक्रार मात्र पुरुष डॉक्टरलाही लाजत सांगतात: ‘बिडीशिवाय पोट साफ होत नाही.’ निकोटीन सुटलं की काहींना बद्धकोष्ठ होतं, आणि केवळ या एका कारणानं सकाळची बिडी पुन्हा सुरू झालेले बरेच असतात. तुम्हीच आधी विषय काढा. सकाळी उठल्या उठल्या कोमट पाणी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू. गरज पडली तर आठवडाभर इसबगोल.

शेतकऱ्याची अवघड वेळ वेगळी असते. लाईट रात्रीची येते, पिकाला पाण्याची दारं धरायला जावं लागतं, थंडी असते, झोप येते आणि शेजारच्या वावरातला गडी बंडल पुढं करतो. त्याला ‘निश्चय करा’ सांगून काही होत नाही. त्या रात्रीसाठी खिशात गम, दुसऱ्या खिशात भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे, आणि शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवलेलं असलं पाहिजे. सुपारी नको, ती स्वतःच कॅन्सर करणारी म्हणून २००४ पासून नोंदलेली आहे. मावा, पुडी तर नाहीच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे. बिडी सुटली आणि पुडी लागली हा आपल्या भागातला नेहमीचा फसवा विजय. लेकराची छाती वाचते, बापाचं तोंड जातं. म्हणून दर भेटीत विचारायचं, ‘तोंडात काय असतं आता?’

पुडीबरोबर चुना येतो, आणि तो थेट तुमच्या खात्यात येतो. चुन्याची पुडी किंवा ट्यूब लेकरू खेळायला घेतं, दाबतं, ती फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. डोळा जातो असा हा भाजण्याचा प्रकार आहे. लगेच, जागच्या जागी, पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा मिनिटं, कण दिसले तर ओल्या कपड्यानं पुसून, आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडं. दूध, तूप, मध काही नाही. हे वाक्य दवाखान्याच्या भिंतीवर लावलंत तरी चालेल.

आईच्या मिश्रीबद्दल बोलताना सूर आणखी सांभाळा. निकोटीन दुधात उतरतं, पण म्हणून दूध तोडायला सांगू नका. अंगावरचं दूध चालूच राहू द्या. लगेच सुटत नसेल तर पाजून झाल्यावर लावायची, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत वेळ जातो. मिश्री घरीच तव्यावर तंबाखू भाजून करतात. त्या धुरात लेकरू नको. सासू-सून दोघी लावत असतील तर एकीला सांगून काही होत नाही, दोघींना एकत्रच बसवा.

आजोबांच्या चिलमीबद्दल घरात बोलायची सुनेची प्राज्ञा नसते, लेकाचीही नसते. ते काम तुमचंच. पुढच्या लसीला आजोबांना घेऊन या म्हणावं. म्हातारा नातवासाठी येतो. त्याला ‘सोडा’ म्हणून सुरुवात करू नका. ‘बाबा, नातू मांडीवर असताना नको’ इथून करा. हे कबूल झालं की पुढच्या भेटीत पुढचं.

पाठपुराव्यासाठी नवी व्यवस्था लागत नाही, लसीचं कार्ड आहेच. दीड महिना, अडीच, साडेतीन, मग नऊ महिने, मग १६ ते २४ महिन्यांची. प्रत्येक वेळी शिक्क्यावर एक खूण. मात्र पहिला फोन तारखेनंतर तिसऱ्या दिवसाच्या आत, दुसरा सातव्या दिवशी. बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात घसरतात. फोन कंपाउंडरनं केला तरी चालतो. ‘सोडली का?’ विचारलं तर खोटं उत्तर येतं. ‘शेवटची कधी ओढली?’ असं विचारा. एखादी ओढली असेल तर कुठं, कोणासोबत, किती वाजता एवढंच विचारून त्या वेळेचा बंदोबस्त करा आणि तारीख तीच पुढं चालू ठेवा. पहिल्या खेपेत कायमची सोडणारे कमीच.

ऊसतोडीची कुटुंबं या सगळ्यातून निसटतात. दसरा-दिवाळीनंतर उचल घेऊन कोयता कारखान्यावर गेला की लस, फोन, तारीख सगळं उन्हाळ्यापर्यंत लांबतं, आणि नेमक्या त्याच थंडीच्या महिन्यांत लेकरू पाचटाच्या कोपीत, चुलीच्या आणि बिडीच्या धुरात झोपतं. निघायच्या आधीच्या भेटीत फक्त एक गोष्ट पक्की करा: कोपीत बिडी पेटणार नाही. छातीचं कारण पटो न पटो, पाचटाला ठिणगी लागते हे कोणत्याही तोडकऱ्याला पटतं. बिडी पूर्ण सोडायची तारीख हंगाम संपल्यावर, पाडव्याच्या आसपासची धरा. मधल्या काळात क्विटलाइनचा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये तुमच्या दवाखान्याच्या नावाखाली साठवून द्या.

राहिला दवाखान्याचा दरवाजा. २००३ च्या कायद्यानं दवाखाना हे सार्वजनिक ठिकाण आहे. आवारात धूम्रपानाला मनाई आणि २०० रुपयांपर्यंत दंड. ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र’ ही ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी नुसती आत ओपीडीत नको, बाप गाडी लावतो तिथंही लावा. त्या पाटीवर तक्रार कोणाकडं करायची त्याचं नाव लिहावं लागतं. तिथं सिस्टरचं नाव घालू नका, तुमचं घाला.